चौथा रकाना

माझ्याकडे एक वही आहे. सोळा वर्षं मी तिच्यात मुलांची चुकीची उत्तरं लिहीत आले. पानावर चार रकाने आहेत: तारीख, नाव, उत्तर, आणि चौथा ‘कोणी सांगितलं’.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाने मला वर्गात ठासून सांगितलं होतं की वटवाघूळ तोंडाने खातं आणि तोंडानेच शी करतं. वर्ग हसला. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पण मला हसू आलं नाही. हे याला कुठून कळलं असेल, असं वाटलं. विचारलं, तर म्हणाला, “आजोबांनी. ते काजूच्या बागेत राखणीक असतात.” मी त्याला म्हटलं, आजोबांनी नीट पाहिलंय. वटवाघूळ फळाचा रस पितं आणि चोथा थुंकतं. खालून बघणाऱ्याला तसंच वाटणार. मुलगा खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला नव्हता. आजोबांना खोटं न पाडता त्याला चूक सोडता आली होती.

तेव्हापासून ही माझी शिकवण्याची रीत झाली. चूक दिसली की आधी विचारायचं, कोणी सांगितलं तुला?

वहीत एक नोंद दुर्वा रेडकरची आहे, ती सहावीत असतानाची. उत्तर: मिठागरातलं पाणी मीठ पितं. चौथ्या रकान्यात: बाबांनी. खाली चार ओळी आहेत. ‘वडील मिठागरावर कामाला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने वारले. पहिलं मीठ धरलं की तांब्याभर गोडं पाणी खाचराच्या कोपऱ्यात ओतायचे, मिठाची तहान भागावी म्हणून. आता मुलगी ओतते.’

त्या दिवशी ती बराच वेळ बोलत होती. मी चारच ओळी लिहिल्या. मोजकं लिहायची सवय मला प्रयोगशाळेने लावली.

*

आमचं केळंबे गाव खाडीकाठी आहे. समुद्र चढत चालल्यापासून मिठागराचे बांध दोनदा उंच केले, आणि आता फक्त अकरा खाचरं चालू आहेत. शाळा पहिली ते सातवी, पट त्र्याण्णव. दर फेब्रुवारीत सातवीची राज्यभर एकच स्तर-चाचणी होते: पर्याय निवडायचे शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. सलग दोन वर्षं शाळेची सरासरी साठच्या खाली गेली की शाळा बंद करतात आणि मुलांना खाडीपलीकडच्या समूहशाळेत पाठवतात. पुलावरून चौदा किलोमीटर. शेजारच्या गावातली शाळा अशी गेली, तेव्हा सातवीतल्या सात मुलींपैकी चौघी घरी बसल्या. आमची मागची सरासरी एकावन्न होती.

जूनमध्ये अध्ययनमापन मंडळाने प्रत्येक अडचणीतल्या शाळेला एक यंत्र दिलं. कागदावर त्याचं नाव ‘पुनर्लेखक’. मुलं त्याला टोपी म्हणत.

त्यामागचं विज्ञान नवं नव्हतं. आठवण एकदा साठली की कायमची पक्की झाली असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. आपण काही आठवतो तेव्हा ती आठवण ज्या पेशींच्या जाळ्यात असते ते जाळं जागं होतं आणि काही काळ सैल पडतं. पुन्हा घट्ट व्हायला त्याला नवी प्रथिनं तयार करावी लागतात. मिठाचा खडा पाण्यात टाकला की विरघळतो आणि पाणी आटलं की पुन्हा खडा होतो, पण तोच खडा होत नाही, तसं काहीसं. एरवी हा फरक इतका बारीक असतो की कळत नाही. टोपी नेमकी इथे हात घालत होती. मुलाने चुकीचं उत्तर आठवायचं, टोपीने ते जागं झालेलं जाळं हेरायचं आणि चाळीस मिनिटं त्याला घट्ट होऊ द्यायचं नाही. तेवढ्यात बरोबर उत्तर सहा वेळा दाखवायचं. जुनी वाट बुजते, नवी मळते.

हे हवं कशाला, तर बरोबर उत्तर मुलांना बहुतेक वेळा ठाऊकच असतं. घड्याळ समोर असताना आधी सुचतं ते जुनं. आणि प्रश्न काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. चार पर्यायांतला एक नेमका तोच ठेवलेला असतो.

“कुबल बाई,” आमचे मुख्याध्यापक गावडे सर म्हणाले, “मी हे यंत्र चालवलं तर मुलांचं नावगाव पण पुसून टाकीन. तुम्ही शास्त्र शिकलायत. तुमचं तुम्ही बघा.”

मी आधी स्वतःवर चालवून पाहिलं. एका मूलद्रव्याचा अणुक्रमांक मला कॉलेजपासून चुकीचा पाठ होता, पुस्तकातल्या छपाईच्या चुकीमुळे. चाळीस मिनिटांत तो गेला. दुसरं काही गेल्याचं जाणवलं नाही. मी सरांना सांगितलं, सुरक्षित आहे. एका माणसावर एक प्रयोग. असा निष्कर्ष एखाद्या मुलाने काढला असता, तर मी त्याची प्रयोगवही परत केली असती.

पालकांच्या सह्या घ्यायच्या होत्या. दुर्वाची आई प्रणाली काजूच्या कारखान्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत मी फाटकाशी गेले. काजूच्या डिंकाने काळी पडलेली बोटं पदराला पुसत तिने विचारलं, “ह्या काय करतला?”

“चुकीचं शिकलेलं काढून टाकतं.”

“काडा बाई, काडा. माझ्या डोक्यातला पण काडा थोडा,” ती हसली आणि सही केली.

*

दुर्वाची पाळी ऑगस्टात आली.

“टोपी थंड लागते, बाई.”

“तुझं डोकं गरम असेल.”

“आई पण तसंच म्हणते.”

मी प्रश्न पुढे ठेवला. ‘मिठागराच्या खाचरातलं पाणी काही दिवसांनी दिसेनासं होतं. ते कुठे जातं?’

“मीठ पितं,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे वाफ होऊन जातं. ठाऊक आहे मला, बाई. पण आधी तेच तोंडात येतं.”

“असू दे. तेच आठव. नव्वद सेकंद.”

पडद्यावर आकडा होता, किती टक्के जाळं जागं झालं ते दाखवणारा. पुस्तिकेत त्याला ‘पकड’ म्हटलं होतं, आणि तो साठच्या वर हवा होता. अठ्ठावन्नवर अडला होता. आणि मी सोळा वर्षांच्या सवयीने विचारलं, “कोणी सांगितलं तुला?”

“बाबांनी.” तिने डोळे मिटले. “दुपार होती. आम्ही बांधावर बसलो होतो. त्यांनी माझ्या हातावर खडा ठेवला आणि म्हणाले, ‘बघ, ओलो असा मां? सगळा पाणी ह्येनाच पिल्यान. तरी तहान भागना नाय.’ मग आम्ही तांब्या आणला. मी ओतत होते, तर बाबा म्हणाले...”

आकडा चढत होता. सत्तर, ऐंशी. ती बोलत राहिली, एकदा हसलीही. एक्याण्णव. चौऱ्याण्णव. इतकी स्वच्छ पकड मी कुठल्याच अहवालात पाहिली नव्हती. मी पडद्याकडे बघत होते. चौऱ्याण्णववर आकडा स्थिरावला तशी मी कळ दाबली.

चाळीस मिनिटांनी मी तोच प्रश्न विचारला. “उष्णतेने बाष्पीभवन होतं,” ती दोन सेकंदांत म्हणाली.

त्यानंतर टोपी घातलेल्या प्रत्येक मुलाला मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? एकोणीस मुलं, तीन महिने, दोनशेहून जास्त चुका. सगळीकडे पकड नव्वदच्या पुढे. सराव-चाचणीत शाळेची सरासरी एकावन्नवरून सदुसष्टवर गेली. डिसेंबरात मंडळाचे दोन अधिकारी आले. त्यांनी माझं चित्रीकरण केलं आणि हे तुम्हाला सुचलं कसं म्हणून विचारलं. मी वही दाखवली. एकाने ती दोन्ही हातांनी घेतली, देवाचा प्रसाद घ्यावा तशी. मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रणाली शाळेत आली. कारखान्यात खाडा करून आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, काल पयला मीठ धरल्यानी. मिया दुर्वाक सांगलंय, तांब्यो घे. ता माका इचारता, कित्याक?”

“म्हणजे?”

“दरवर्सा ताच घालता पाणी. बापूस गेल्यार पण चुकवक नाय कधी. औंदा माका म्हणता, आई, मिठात पाणी घातला तर मीठ इरघळतला. कोणी सांगल्यान तुका असला?” तिचा आवाज बारीक झाला. “कोणी सांगल्यान म्हणान माका इचारता, बाई.”

“बाबा आठवतात ना तिला?” मी विचारलं.

“तोंड आठवता तिका, फोटो बघून. निळा शर्ट आठवता. पण मिठागरार काय बोलायचो, काय सांगायचो, एक सबुद नाय. माझ्याशी तो कमी बोलायचो. जो काय बोलायचो तो तिच्याकडे. मिया म्हणा होतंय, आसांदे, तिच्याकडे आसा ना, कधीतरी इचारीन. तुम्ही सांगलास, चुकीचा काढतले. माझ्या घोवाचा बोलणा चुकीचा होता काय?”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. यंत्र काय करतं, जाळं म्हणजे काय, मी कोणता प्रश्न विचारला. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“मग परत घाला,” ती म्हणाली.

“तसं होत नाही.”

तिने मान हलवली, दुकानात एखादी वस्तू संपली म्हणून सांगितल्यावर हलवतात तशी, आणि ती गेली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं ते इतकं साधं होतं की ते मला जूनमध्येच दिसायला हवं होतं. मेंदू आठवणी विषयवार लावून ठेवत नाही. ‘बाष्पीभवन’ अशी पेटी तिथे नसते. एक दुपार असते, बांध असतो, हातावरचा खडा असतो, आवाज असतो, आणि त्या सगळ्यात कुठेतरी ते उत्तर असतं. नुसतं उत्तर आठवायला सांगितलं की मूल दार किलकिलं करतं. साठ टक्के. कोणी सांगितलं म्हणून विचारलं की ते दार सताड उघडून आपल्याला आत नेतं. माझी चूक छपाईतून आलेली होती, तिच्यामागे माणूस नव्हता, म्हणून माझं काही गेलं नाही.

पुढचे चार दिवस मी वही घेऊन एकेका मुलाशी बोलले. देवमासा हा मासा आहे असं मानणारा एक मुलगा होता. किनाऱ्याला लागलेला देवमासा त्याला आजोबांनी खांद्यावर बसवून दाखवला होता. आता देवमासा सस्तन आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि खांदा आठवत नव्हता. एकोणीसपैकी नऊ मुलांचं काही ना काही गेलं होतं. त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं. काय नाही ते कसं जाणवणार?

*

मंडळाला लिहिलेलं पत्र मी गावडे सरांसमोर ठेवलं. दोन पानं. नऊ नोंदी, तारखांसकट. उरलेली सत्रं थांबवावीत आणि ही पद्धत कुठेही वापरू नये, अशी विनंती.

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

“खरं आहे हे?”

“हो.”

“आपण थांबवू. आजपासून टोपी कपाटात. कुलूप मी लावतो.” त्यांनी पत्राची घडी घातली. “पण हे आज पाठवलंत तर आपली चाचणी रद्द होईल. मंडळ सरासरी शून्य धरेल. जूनमध्ये शाळा नाही. सहावीत अकरा मुली आहेत, बाई. पूल ओलांडून किती जातील, सांगा तुम्ही. तुम्हाला हिशेब येतो.”

“पाच,” मी म्हटलं. “फार तर सहा.”

“निकाल एप्रिलात. तोवर थांबा. मुलांचं गेलं ते गेलंच आहे, पत्राने परत येत नाही. मग पाठवा, मी खाली सही करतो.”

ते वाईट माणूस नव्हेत. त्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती आणि शाळेच्या विहिरीतला गाळ ते स्वतः उतरून काढत. त्यांच्या बोलण्यातली चूक मला त्या दिवशी सापडली नाही. मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं.

फेब्रुवारीत चाचणी झाली. मार्चमध्ये मंडळाचं परिपत्रक आलं, राज्यातल्या अकराशे शाळांना गेलेलं. पुनर्लेखकाच्या परिणामकारक वापरासाठी सूचना. सातवी सूचना अशी होती: ‘सत्र सुरू असताना विद्यार्थ्याला सौम्य आवाजात विचारावे, हे तुला कोणी सांगितले? यामुळे पकड सरासरी तेहतीस टक्क्यांनी वाढते.’

सरांच्या बोलण्यातली चूक ही होती. आम्ही फक्त आमची मुलं मोजली होती.

मी त्याच दिवशी पत्र पाठवलं, निकालाची वाट न बघता. सरांनी खाली सही केली. उत्तर पंधरा दिवसांनी आलं. आपण मांडलेल्या बाबीची नोंद घेतली आहे. तथापि, सदर बाब चाचणीच्या मापनकक्षेत येत नसल्याने कार्यवाहीस वाव नाही. आमची चाचणी रद्द झाली नाही. ती झाली असती, ही भीतीसुद्धा खोटीच होती. पत्र जानेवारीत गेलं असतं तर त्यांनी हेच उत्तर दिलं असतं की सातवी सूचना गाळली असती, हे मला आता कधीच कळणार नाही.

एप्रिलात निकाल लागला. सरासरी अडुसष्ट. शाळा राहिली. दुर्वाला विज्ञानात पैकीच्या पैकी गुण मिळाले. सरांनी मुलांना पेढे वाटले, स्वतः खाल्ला नाही.

*

मे महिन्यात, मीठ उचलायचे शेवटचे दिवस होते, तेव्हा मी प्रणालीला विचारून दुर्वाला मिठागरावर घेऊन गेले. दुपार मुद्दाम निवडली. बांधावर बसलो. पांढऱ्या ढिगांवरून ऊन डोळ्यांत येत होतं. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या आईला सांगितलं होतं तसंच, फक्त सोपं करून. मग वहीतल्या चार ओळी वाचून दाखवल्या.

तिने नीट ऐकलं. शहाणी मुलगी आहे ती. मी तांब्या पुढे केला, तर बांधाच्या कडेला बसून तिने खाचराच्या कोपऱ्यात पाणी ओतलं, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग खाली वाकून बघितलं.

“एवढं मीठ विरघळलं, बाई. पुन्हा सुकायला दोन दिवस लागतील.”

“हो.”

“बाबा दरवर्षी घालायचे?”

“दरवर्षी. मग तू घालायचीस.”

“छान आहे,” ती म्हणाली. कुणा दुसऱ्याच्या घरची चाल ऐकून म्हणावं तसं. रिकामा तांब्या तिने मांडीवर धरला होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मी ओतताना ते काहीतरी बोलले, असं मी तुम्हाला सांगत होते ना? टोपी घातल्यावर? काय म्हणाले होते?”

सत्राचं ध्वनिमुद्रण होत नसे. यंत्र फक्त आकडे ठेवत असे.

“तू सांगत होतीस,” मी म्हटलं. “मी ऐकलं नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ती उठली, तांब्या खाडीच्या पाण्यात विसळला, आणि आम्ही बांधाबांधाने परत आलो.

घरी येऊन मी वही उघडली. दुर्वाच्या जुन्या नोंदीखाली जागा होती. सोळा वर्षांत मी त्या वहीत बरोबर उत्तर कधी लिहिलं नव्हतं. तारीख घातली. नाव: दुर्वा रेडकर. उत्तर: मिठागरातलं पाणी उन्हाने वाफ होऊन जातं.

चौथ्या रकान्यात लिहिलं: बाईंनी.